कोपऱ्यातलं नाव

प्रिय दादा,

‘प्रिय’ सवयीनं लिहिलंय. इतक्या लांब परदेशात फिरायला येऊनही आज तुझ्यावर माझं डोकं फिरलंय.

सकाळपासून तीन कलासंग्रहालयं पालथी घातली. तिसऱ्यात पुढं दोरी बांधून काय मांडलं होतं, सांगू? दुकानांच्या पाट्या! हातानं रंगवलेल्या! लोक श्वास रोखून बघत होते. आणि बाबांनी तुझ्या दुकानासाठी रंगवलेल्या पाटीचं तू काय केलंस? तिथं फ्लेक्स लावलास आणि पाटी बाथरूमच्या फुटक्या खिडकीला ठोकलीस. तीही बाबांच्या डोळ्यांदेखत!

इथं प्रत्येक पाटीखाली लिहिलंय, ‘चित्रकार अज्ञात’. मी रखवालदाराशी भांडले. “अज्ञात कसा? संध्याकाळी कुणाच्या तरी घरी जेवायला जात असेल ना तो?” त्यानं नुसते खांदे उडवले. बाहेर पायरीवर पाव आणि उकडलेलं अंडं घेऊन बसले.

तिथंच आठवलं. बाबा प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात स्वतःचं नाव घालायचे. सातवीत मैत्रिणी हसल्या, म्हणून मी बाबांना म्हटलं, “गावभर नाव कशाला रंगवता? मला लाज वाटते.” दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कोपरा मोकळा सोडला. तुला मात्र सांगितलं, नजर अधू झाली.

तुझी पाटी त्याआधीची आहे.

हे पत्र पाठवायची माझी छाती नाही. फोनवर एवढंच म्हणेन, खिडकीची पाटी उतरव. का, ते विचारू नकोस.

तुझी,
धाकटी