न दिलेली ओ

आई,

इथे परदेशात, टॅम्पिनीसच्या आमच्या फ्लॅटच्या सगळ्या खिडक्या आज बंद आहेत. समुद्रापलीकडे जंगलं जळतायत आणि त्यांचा धूर इथपर्यंत आलाय. इथे त्याला हेझ म्हणतात. शाळांना सुट्टी दिलीय, म्हणून लेक आतल्या खोलीत, तुझा जावई हॉलमध्ये आणि मी स्वयंपाकघरात ओट्यापाशी. तू गेलीस तेव्हा ही दोघं नव्हती, तेव्हा ओळख करून देते. जावई स्वभावाने चांगला आहे, पण गेल्या वर्षी त्याची नोकरी गेली आणि तेव्हापासून तो आणि लेक माझ्या पासवर, म्हणजे माझ्या नोकरीच्या परवान्यावर, इथे राहतात. माझी नोकरी आहे तोवर तिघांचा इथला मुक्काम. मला ही नोकरी अगदी नकोशी झालीय, पण तसं म्हणायची सोय नाही. लेकीची मोठी परीक्षा पुढच्या वर्षी आहे. ती माझ्याशी इंग्रजीत बोलते, तेही मनात आलं तर.

तू भूगोलाची बाई. ज्वालामुखी शिकवताना लाल खडूने फळा भरून टाकायचीस आणि आपला सह्याद्रीही असाच थंड झालेला लाव्हा आहे, असं सांगून मुलींना राजगड-तोरण्याच्या धारेवर घेऊन जायचीस, पदर खोचून, पायात कॅनव्हासचे बूट घालून. धुकं आलं की तुझा नियम सुरू व्हायचा. पुढचीने हाक मारायची, मागचीने ओ द्यायची, ओ आल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही. हा नियम तू घरीही आणलास. स्वयंपाकघरातून तुझी हाक आली की मला न्हाणीघरातूनसुद्धा ओ द्यावी लागे. एकदा धारेवर मी रुसून गप्प राहिले. तू सगळ्या मुलींना जागच्या जागी बसवून परत आलीस. मला वाटलं, आता पाठीत धपाटा बसणार. तू फक्त म्हणालीस, "राग आला तरी ओ द्यायची. रागावलेली मुलगी मला चालते, हरवलेली चालत नाही." आणि पिशवीतून शंकरपाळे काढून माझ्या हातावर ठेवलेस.

तेव्हापासून मी ओ देतेच आहे. साहेबांचा फोन रात्री आला तरी देते. सासूबाई पुण्याहून विचारतात, पाठवतेस ना गं औषधं, त्यांनाही देते. मी स्वतःला कधी हरवूच देत नाही, आणि अलीकडे त्यानेच जीव घुसमटतो.

गेल्या महिन्यात लाँग वीकेंडला आम्ही बालीला गेलो. निघायच्या संध्याकाळी पाया लेबारच्या ऑफिसात साहेबांनी बोलावून सांगितलं की नवं काम माझ्यावर टाकायचंय, आणखी काही वर्षं तरी त्यातून सुटका नाही, विचार करून सोमवारी सांग. विचार करून म्हणे. तुझा जावई गुडघ्याचं निमित्त काढून हॉटेलातच राहिला. मी, लेक आणि एक वाटाड्या, असे तिघं जागृत ज्वालामुखीच्या तोंडाच्या कडेकडेने चालत होतो. आई, तू हे पाहायला हवं होतंस. खडकाच्या फटींतून वाफ येते आणि वाटाड्या त्या वाफेत अंडी उकडून देतो. तुझ्या फळ्यावर ही अंडी कधी नव्हती. धार आपल्यासारखीच, पण पायाखाली काळी, भुसभुशीत राख. एका अंगाला विवर, दुसऱ्या अंगाला थेट दरी.

मग ढग चढला. ती दोघं चार पावलं पुढे होती, ती दिसेनाशी झाली. मी पाय उचलला तर राख घसरली. मागे वळून पाहिलं तर मागची वाटही गेलेली. मी बसले, दोन्ही हातांनी एक दगड धरून. पुढे जाता येईना, मागे जाता येईना. खरं सांगते, ही जागा मला ओळखीची वाटली. मी रोज तिथेच तर बसते, फक्त तिथे एसी असतो.

ढगातून लेकीची हाक आली. "आई, ओके ऑर नॉट?" थोड्या वेळाने पुन्हा. मग नुसतंच, "आई?"

मी गप्प बसले. घाबरून वाचा गेली होती असं काही नाही. मी ओ देत नाही तोवर कुणी मला कुठे बोलावू शकत नव्हतं. साहेब नाहीत, सोमवार नाही. कितीतरी वर्षांत मला इतकं मोकळं वाटलं नव्हतं.

ती परत आली, गुडघ्यांवर रांगत, हात कोपरापर्यंत काळे, मागून वाटाड्या तिला थांब थांब म्हणत. तिने माझा दंड धरला. "मी किती हाका मारल्या. आई, ओ दे ना," ती म्हणाली. मराठीत. मी तिला जवळ घेतलं आणि ऐकू आलं नाही गं, असं सांगितलं. अजूनही तिला तेच ठाऊक आहे.

सोमवारी साहेबांनी बोलावलं. मी ओ दिली.

तुझ्या शेवटच्या दुपारी नर्स म्हणाली होती, हाका मारत राहा, त्यांना ऐकू येतं. मी तुझ्या उशाशी बसून हाका मारत राहिले. तू ओ दिली नाहीस. सगळ्यांना शिकवलेला नियम माझ्याच वेळी मोडलास, म्हणून मी तुझ्यावर वर्षानुवर्षं रागावले होते. मग ऐकूच आलं नसेल, अशी मनाची समजूत घातली. आता त्या धारेवर बसून आल्यावर वाटतं, तुला ऐकू आलं असेल. आलं असेल तर असू दे, आई. माझी काही तक्रार नाही.

आतून लेक हाक मारतेय. भूक लागली असणार. देते ओ, जरा वेळाने.