सुमीच्या नावाम्होरची रिकामी घरं

सोमवार, ता. ६/७/६४

माझ्या नातीचं, सुमीचं नाव साळंच्या भिंतीवर टांगायच्या आदी मला कुनी इचारलं? तिच्या बापाला इचारलं न्हाई, आयला न्हाई. नव्या मास्तरनं सतरंजीएवढा कागद ओसरीत लावलाय. एकेका पोराचं नाव, नावाम्होरं रोजचं एक घर. पोर आलं की घर निळं, न्हाई आलं की मोकळं. सुमीची रांग उंदरानं कुरतडल्यावानी. येनारा-जानारा थांबून बगतुया. ज्यांना अक्षर येत न्हाई ती बी बोट लावत्यात. मोकळं घर वाचायला साळा कशाला लागती?

जाऊन बोलले. मास्तर म्हनला, "आजी, हे कुणाची अब्रू काढायला नाही." म्हनलं, "मग आत लावा की." त्यो हसला. हसन्यासारखं काय हुतं कळलं न्हाई.

दुपारच्या बायकांच्या वर्गात साळंतल्या बाईनं मला अक्षरं शिकवली. रोज चार वळी लिवा न्हाईतर विसराल म्हनती. म्हनून हे. डोळं दुखत्यात.

गुरुवार, ता. ९/७

कागद कशापायी त्ये बाईकडनं कळलं.

आदीचा मास्तर समद्यांची हजेरी मांडायचा, आलेल्याची बी आनि न आलेल्याची बी. दिपोटी साहेब तपासायला यायचा असला की वस्तीवरची पोरं तोंडं धुवून बाकावर आनून बसवायची. गावाला त्ये ठावंच हुतं. साहेबालाबी ठावं असंल. नवा मास्तर आलं तेवडंच मांडतो. आता वरच्या हापिसात आकडा कमी गेलाय. आकडा असाच ऱ्हायला तर साळंला एकच मास्तर पुरे म्हनत्यात. म्हंजे बाई जानार.

म्हनलं, "बरंय की तुमाला. सांगलीला घरी जाल." तिची आई विश्रामबागेत असती. बाई म्हनली, "सांगलीला कोण पाठवतंय आजी? कुठल्यातरी डोंगरात टाकतील."

मग मास्तरकडं गेले. म्हनलं, आदीच्यासारखं लिवा. समद्यांचंच भलं. मास्तर म्हनला, "खोटं लिहिलं तर मुलं का येत नाहीत ते कधीच कळणार नाही."

कळून काय करायचंय? बाई गेल्यावर कळलं तर. हे त्येला बोलायचं ऱ्हाऊनच गेलं. वाटंत सुचलं.

मंगळवार, ता. १४/७

बाबू सांगलीवरनं आलाय. माझा ल्योक. तिथं गोदामात पोती उचलतो. सुमीला पेन्सिल आनली, तिच्या बारक्या भावाला राहुलला झबलं, मला काय न्हाई.

बाईचं ऐकून म्हनला, "आये, बाई हाय तवर साळा. नुसत्या मास्तराच्या साळंत मी पोरगी ठेवनार न्हाई." म्हनलं, ह्यो मास्तर चांगला हाय. म्हनला, "ह्यो चांगला हाय. पुडला?"

सून शांता भाकरी थापत हुती. सुमी पेन्सिल नाकाला लावून वास घेत बसली. चौथीत हाय. चौथी झाली की वडूजला पाचवी. बाई गेली तर ती चौथीबी...

बाबूशी भांडले न्हाई. त्येचं चुकतंय का मला समजंना.

शनिवार, ता. १८/७

मास्तर घरोघर फिरतोय. पोर का आलं न्हाई इचारतो आनि मोकळ्या घरात पेनशिलीनं बारकं अक्षर घालतो. बाजाराला गेलं असलं तर ब. लेकरू सांभाळायला ऱ्हायलं तर ल. आजारी तर आ.

आमच्या बौद्ध आळीतबी आला. च्या घेतला. गूळ कमी पडला हुता, त्यो बोलला न्हाई. सुमीचं इचारलं. म्हनलं, शांता खुरपायला जाती, मग राहुलला कोन बगनार? "तुम्ही?" म्हनला. म्हनलं, "मी बी खुरपायला जाते की. म्हातारीची मजुरी कमी असती, पन असती." त्येनं ल घातला.

संध्याकाळी साळंम्होरनं येताना कागद परत बगितला. सुमीच्या वर पाटलाच्या नातीचं नाव हाय, मंगल. मंगलची घरं बी त्याच दिवशी मोकळी. तंतोतंत. लय येळ हुबी ऱ्हायले. मग डोक्यात आलं. शांता पाटलाच्याच रानात खुरपती. त्या दिवशी पाटलाची सून बायकांवर नदर ठेवायला रानात जाती, तिचं लेकरू मंगलकडं. आमचं सुमीकडं. एकाच बाजरीपायी दोगींची साळा बुडती.

मंगलनं कदी आमच्या उंबऱ्यात पाय ठेवला न्हाई. आनि कागदावर दोगी एकमेकीला चिकटून.

सोमवार, ता. २७/७

मास्तरनं डोकं चालवलं. मोकळ्या घरात ल च लय निघाला म्हनं. म्हनून लेकरं साळंत आना, मागच्या ओसरीत निजवा, एक म्हातारी बसवा, पोरी शिकतील. लगीच म्हनला, "आजी, तुम्ही बसाल?"

म्हनलं, "मी काय गावची दाई हाय?"

बाई म्हनली, "तुम्ही बसलात तर सुमी रोज येईल." बाईला माझं कुटं दुखतं त्ये ठावं हाय. चांगली शिकल्याली पन नेमकं तिथंच बोट घालती.

माझी मजुरी बुडनार त्येचं काय, हे कुनी बोललं न्हाई. मीच घरी काडलं. शांता म्हनली, "मी दोन वळी जास्ती खुरपीन. तुमी बसा." लग्नापासनं आवाज चढवून बोलल्याली न्हाई. आज बोलली.

गुरुवार, ता. ३०/७

पाटलीनबाई आली. हितनं फुडं पा.बा. लिवीन, हात दुखतो. आळीच्या तोंडाशी हुबी ऱ्हाऊन हाक मारली, आत आली न्हाई. त्ये तिचं नेहमीचं.

"गंगू, मंगल लय रडती साळंपायी. तू बसनार म्हनं लेकरांत."

"बसीन."

"आमच्या बाळासाहेबाला पानी कोन पाजनार?"

बाळासाहेब म्हंजे तिचा नातू, अजून दात न्हाईत, नाव एवडं. मला सवाल कळला. वळखीचाच हाय त्यो. म्हनलं, "आवं पाटलीनबाई, पानी तुमच्याच तांब्यातनं, मंगल यील आनि पाजील. मी तांब्याला हात लावनार न्हाई. पन रडलं तर उचलनार. त्ये चालतंय का घरी इचारून या."

मग म्हनली, "उचलल्याबिगर गप बसत न्हाई त्ये."

"मग कळवा," म्हनलं.

धर्म बदलला तवा समदं बदललं असं बाबू म्हनतो. तांब्या तेवडा तिथंच ऱ्हायलाय.

सोमवार, ता. ३/८

आला बाळासाहेब. पितळंचा तांब्या, वर वाटी झाकल्याली, मंगलच्या काखंत. आल्या आल्या माझ्या लुगड्यावर मुतला. राहुल त्येचा कान वडतो, त्यो राहुलच्या झबल्याचा बंद चोकतो. आनखीबी दोगी-तिगी आपापली लेकरं टाकून गेल्या. एकीचं निस्तं हातपाय झाडतं. घोंगडं हातरलंय, मदी मी. आतनं पाड्यांचा आवाज येतो. लेकरं त्या आवाजाला झोपत्यात, मला बी डुलकी लागती.

सुमीचं घर निळं. मंगलचं बी.

शनिवार, ता. ८/८

हप्ताभर समदी निळी. मास्तर कागदाम्होरं हुबा ऱ्हाऊन मानेनं मोजतो. बाई आज गानं म्हनत हुती. बरं म्हनती.

मला एक समजत न्हाई. घर निळं झालं म्हंजे पोरगी आली एवडंच. पाटलाचं लेकरू दीस सारा कुनाच्या मांडीवर हुतं त्येचं घर कागदावर न्हाई. मास्तरला म्हनलं तर म्हनला, "ते मोजायचं ठरलं नव्हतं, आजी." म्हनलं, बरं.

मंगळवार, ता. १८/८

परवा दिपोटी साहेब येनार. कागद बगून बाईचं ठरवनार.

गावात एकच घाई उडालीय. बायका म्हनत्यात, साळा भरल्याली दिसाय पायजे. मला बी पटलं. बाई ऱ्हायली पायजे ना? मास्तर तालुक्याला गेलाय, इचारायला हितं न्हाई.

गुरुवार, ता. २०/८

वाईट झालं.

पा.बा.नं गडी धाडून वस्तीवरची समदी पोरं गोळा केली, आदीच्या मास्तरच्या टायमाला करायची तशी. काजळ, तेल, भांग. म्या बी आमच्या आळीतली न्हाऊ घातल्याली दोन पोरं हाताला धरून नेली, साळंत नाव नसल्याली. मनात वाटलं, तेवडंच बाईला बळ. बाकावर पोरं मावंनात. मास्तर सकाळच्या येष्टीनं आला त्यो सायबासंगंच. पोरांची गर्दी बगून त्येचा रंगच उतरला. माझ्याकडं बगितलं. मी आपली हसले.

सायबानं हजेरी घेतली. पोरं जास्त, नावं कमी. एकाला इचारलं, "तू कुणाचा रे?" त्ये म्हनलं, "आमी वस्तीवरचं. खाऊ हाय म्हनले."

साहेब कागदाकडं वळला. "जून-जुलैत मोकळं, ऑगस्टात सगळं निळं. हेही आजच्यासारखंच भरलंत का, गुरुजी?"

मास्तरनं ल अक्षर दाखवलं, लेकरांचं सांगितलं, ओसरी दाखवली. ओसरीत मी आनि राहुल. दुसरं लेकरू न्हाई. सायबाम्होरं शेंबडं नगं म्हनून आज समद्यांनी आपापली घरीच ठेवल्याली.

साहेब म्हनला, "कुठायत ती मुलं?" दाराशी पा.बा. पदर सावरून हुबी. तिला इचारलं, "बाई, तुमचं बाळ इथं असतं का रोज?"

ती म्हनली, "आमच्या घरचं? न्हाई बा. आमच्यात सोडत न्हाईत लेकरू कुनाकडं."

माझ्याकडं बगितलं न्हाई. मी बगत हुते तिच्याकडं.

सायबानं कायतरी लिवलं, शाई वाळवली, गेला.

शुक्रवार, ता. २१/८

मास्तरला म्हनलं, आता? म्हनला, "मी खरंच लिहिलं होतं, आजी." म्हनलं, "व्हय. आनि आमी समद्यांनी मिळून त्ये खोटं केलं."

बाईनं वर्ग घेतला. गानं म्हनली न्हाई.

मला राग कुनाचा आलाय त्येच कळंना. मास्तरचा म्हनावं तर त्यो खरा वागला. पा.बा.चा म्हनावं तर पोरं तिनंबी बाईपायीच आनली. मग लेकरू सोडत न्हाई म्हनली त्ये कशापायी? सायबाच्या भ्यानं, का घरच्यांच्या, का माझ्या मांडीच्या लाजंनं? आनि मी तिथंच का बोलले न्हाई? जीब तर माझी गावाला ठावी हाय.

कागद अजून तिथंच हाय. आजचं घर निळं. त्येला कोन इचारतंय.

शनिवार, ता. २२/८

सकाळी मंगल आली. काखंत तांब्या, कमरंवर बाळासाहेब. काय झालंच न्हाई असं. मी म्हननार हुते, घरी ने. पन त्येनं हात पसरलं. लेकरानं काय केलंय? घेतलं. आता पुडचा दात दिसतुया.

दुपारी पा.बा. स्वता आली, ओसरीच्या पायरीपातुर. म्हनली, "गंगू, चारचौघांत तसं म्हनावं लागतं. तुला ठावं हाय."

"मला ठावं हाय. सायबाला न्हाई."

"मग मास्तरनं सांगावं."

"मास्तरनं सांगितलं. तुमी खोटं पाडलं."

"बाई गेली तर माझी मंगल बी घरातच बसंल गं," म्हनली. आवाज वल्ला. मला दया आली न्हाई. थोडी आली असंल. मी बाळासाहेबाला पालथा घातला आनि थोपटत ऱ्हायले. ती बगत हुबी ऱ्हायली, घेऊन गेली न्हाई.

सोमवार, ता. २४/८

हापिसाचा कागद आला, बाईनं वाचून दावला. साहेब परत येनार. ह्या येळंला दीस सांगून न्हाई. साळंत न बसता घरोघर जाऊन इचारनार. त्येच्यानंतर बाईचं ठरवनार.

बाबूला सांगलीला काय कळवायचं ठरंना. शांता म्हनती, अजून कळवू नगा.

मास्तर म्हनला मी परत समजावून सांगतो सायबाला. बाई म्हनली मी सांगते. सुमी म्हनती, "आजे, मी सांगू? मी रोज बगती की." मला बी पाटलाच्या दारात जाऊन वरडून सांगाय येतंय. पन आमी सांगून काय हुतंय? आमी तर सांगनारच. आमचं घर त्येच्यावर टेकलंय, साहेब आमचं खरं कसं मानंल?

म्हनून ठरवलंय. मास्तरला सांगितलं, बाईला सांगितलं, सुमीला दोन डाव सांगितलं. साहेब आला आनि मंगलची घरं कशी भरली म्हनून इचारलं, तर कुनी त्वांड उगडायचं न्हाई. मास्तरनं न्हाई, बाईनं न्हाई, मी न्हाई. त्येला सरळ पाटलाच्या दारात न्यायचं आनि बाजूला हुबं ऱ्हायचं. जिचा नातू माझ्या मांडीवर निजतो, तिनं सांगायचं.