फर्स्ट शिफ्टची स्ट्रोफी

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार
नाव देऊन आले. कंपनीच्या गॅदरिंगच्या नाटकात, कोरसमध्ये. माझंही आणि धनेशचंही — त्याला न विचारता. मी फर्स्टला, तो सेकंडला. मी चाकणहून काळेवाडीत घरी पोचते तोवर साहेब मशिनवर. परततो तेव्हा मी झोपलेली. सुट्टीलाही ओव्हरटाइम. नवरा-बायको म्हणे! "शिफ्ट बदलून देत नाहीत गं," हे त्याचं ठरलेलं उत्तर. निदान तालमीत तरी दिसेल.

५ नोव्हेंबर
शेखर सर सांगवीहून येतात नाटक बसवायला. जुनं ग्रीक नाटक. म्हणाले, कोरस गात गात एका बाजूला जातो ते कडवं म्हणजे स्ट्रोफी. त्याच चालीवर, तेवढीच पावलं टाकत उलट येतो ती अँटिस्ट्रोफी. मग सगळे जागेवर उभे राहून शेवटचं म्हणतात — तो एपोड.
आणि लगेच वाटणी! स्ट्रोफी फर्स्टवाल्यांना, अँटिस्ट्रोफी सेकंडवाल्यांना. तालमीही वेगळ्या — आमची सुटल्यावर, त्यांची ड्युटीआधी. झालं माझं कल्याण.

८ नोव्हेंबर
फ्रिजवर चिठ्ठी लावली — तालीम जमते का? खाली उत्तर — हो. बस, एवढंच.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
वीकली ऑफ. आज सगळे पहिल्यांदाच एकत्र. सरांनी दम दिला म्हणून धनेशही आला. आणि फजिती! सेकंडवाल्यांनी आमची स्ट्रोफी कधी पाहिलेलीच नाही, मग उलट म्हणजे कुठून उलट हे त्यांना काय ठाऊक? आम्ही दाराकडून खिडकीशी पोचलो, तर तेही दाराकडूनच निघून थेट आमच्या अंगावर.
धनेशचा खांदा मला लागला. "सॉरी हं मॅडम," म्हणाला. मग बघितलं, कोण ते. सगळे हसले, मीही हसले. घरी येऊन रडले.
एपोडला मात्र शेजारी उभे होतो. चार मिनिटं. गणपतीनंतर एवढा वेळ पहिल्यांदाच. तो समोर बघूनच गात होता. संपताच थेट ओव्हरटाइमला गेला.
ठरलं. तो फर्स्टला येत नाही तर मी सेकंडला जाते.

१४ नोव्हेंबर
अर्ज लिहिला. तीनदा फाडला, चौथ्यांदा बरा झाला. धनेशला सांगितलेलं नाही. मिळाल्यावरच सांगेन.

१५ नोव्हेंबर
शिफ्ट इनचार्ज सयाजीसाहेबांनी अर्ज वाचला. मग म्हणाले, "ताई, तुमच्या मिस्टरांनीच ऑगस्टमध्ये लिहून दिलंय — कायम सेकंडच द्या. आम्ही तर त्यांना फर्स्ट देत होतो."
अर्ज मागे घेतला नाही. सोमवारपासून सेकंड.