लोड होईपर्यंतची कविता

प्रिय लंबू,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू आधी हसशील. दर रविवारी चारला भेटतो, मध्ये दोनदा फोन होतो, मग या बाबाला पत्र लिहायची हुक्की कुठून आली, म्हणशील. त्याचं कारण आहे, पण ते शेवटी. तुला ठाऊक आहे, मला वळणावळणानं जायची सवय. गुडघा ठीक आहे. सूनबाईनं माझं टेबल खिडकीकडे हलवून दिलंय, त्यामुळे दुपारी पडद्यावर ऊन येतं आणि ट्रकच्या काचेवर लांबच्या रस्त्याची धूळ बसलीय असं वाटतं. मी तिला तसं म्हणालो, तर म्हणाली, "बाबा, ती खरीच धूळ आहे, फडकं घ्या."

बातमी अशी की मी कॉम्प्युटरची डिस्क बदलली. हो, तीच. जिच्याबद्दल तीन वर्षं मी विचारत होतो आणि तू म्हणत होतास, अरे राहू दे.

तू हा कॉम्प्युटर जुळवून दिलास त्याला आता सहा वर्षं होतील. रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंद करून तू घरी बसलास आणि मीही डेपोतून निवृत्त झालो होतो. चाळीस वर्षं मी वेळापत्रकं लावली, कुठली बस किती वाजून किती मिनिटांनी सुटेल ते फळ्यावर लिहिलं, पण स्टिअरिंगला म्हणून कधी हात लावला नाही. हे दुःख मी फक्त तुला सांगितलं होतं. पंधरा दिवसांनी खोकं घेऊन दारात उभा राहिलास, स्टिअरिंगचं एक चाक टेबलाला आवळलंस आणि मला पडद्यावरच्या खेळातल्या सोळा चाकी ट्रकवर बसवलंस. पहिल्याच वळणावर मी तो ट्रक शेतात घातला, तेव्हा तू इतका हसलास की तुला ठसका लागला. लंबू, त्या दिवशी मी पुन्हा शाळेत गेलो रे. मागच्या बाकावर, तुझ्याशेजारी.

फक्त खेळ सुरू व्हायला वेळ फार. मी डेपोतला माणूस, घड्याळ लावून मोजलं, चार मिनिटं दहा सेकंद. पडद्यावर ती लोडिंगची पट्टी मुंगीच्या पावलांनी भरत असायची आणि तू फोनवर, माझ्या डाव्या कानात. वेळ घालवायला म्हणून मी एकदा शाळेतल्या बाईंची कविता म्हटली आणि मग तो नेमच पडला. मैलाच्या दगडाची. त्या वर्षी पुस्तकं उशिरा आली होती आणि बाईंनी ती फळ्यावर लिहून दिली होती. पुढे कुठल्याच पुस्तकात मला ती सापडली नाही. त्यांनीच केलेली असणार, पण तसं त्या कधी म्हणाल्या नाहीत.

मी न चाललो कधीच कोठे, तरी सांगतो अंतर मी;
येणाऱ्याला हाक दूरची, जाणाऱ्याला उत्तर मी.

असं म्हणता म्हणता नकाशा उघडायचा, तुझा लाल ट्रक खेळातल्या डेपोच्या आवारात दिसायचा आणि आपापल्या घरी बसून आपण निघायचो. खरं सांगू? त्या पट्टीवर मी कधी चिडलो नाही. पण तीन वर्षांपूर्वी ती अधूनमधून अडकायला लागली, डिस्क आतून खरडल्यासारखी वाजायला लागली. म्हणून तुला विचारत होतो. तू पहिल्यांदा म्हणालास, तुझ्या बोर्डावर एसएसडी, म्हणजे ती नवी वेगवान डिस्क, बसायची सोयच नाही. मग म्हणालास, आहे ते सगळं पुसलं जाईल. मग म्हणालास, आपल्या वयाला घाई कसली, चार मिनिटांत काय बस चुकणार आहे? मला ते पटलं. तू सांगितलेलं मला न पटल्याचं आठवत नाही.

शेवटी सूनबाईच मला बाजारातल्या दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेली. तिथे एक तिशीतली बाई बसते, कपाळावर भिंग आणि हातात चिमटा. म्हणाली, "आजोबा, नुसते फोटो ठेवायचेत की खेळायचंय?" मी म्हटलं, ट्रक चालवायचाय. ती हसली नाही, यावरूनच माणूस कळला. तिनं दोन वस्तू समोर ठेवल्या. एक चपटी डबी, वायरीनं जोडायची, आणि दुसरी च्युइंगगमच्या पट्टीएवढी, थेट बोर्डावर बसणारी. डबी जुन्या डिस्कपेक्षा कितीतरी वेगवान, पण पट्टी डबीच्याही पुढे. मला कपाटातली सगळ्यात महाग, सगळ्यात नवी पट्टी हवी होती. म्हातारपणी हौसेला लगाम नसतो. तर म्हणाली, "ती घेऊ नका. तुमचा बोर्ड जुना, तो तिला आपल्याच चालीनं चालवणार. शर्यतीचा घोडा आणून टांग्याला जुंपाल. ही मधली घ्या." जागा मात्र दुप्पट घ्यायला लावली. नकाशे वाढत जातात आणि काठोकाठ भरलेली पट्टी मंदावते, थोडी मोकळी लागते, म्हणाली. जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नवीवर उतरवून देते, काही पुसलं जात नाही, असंही म्हणाली. मी सूनबाईकडे पाहिलं आणि तुझी बाजू घेतली. आमच्या मित्राचं ज्ञान रेडिओच्या काळचं आहे, म्हणालो.

आणि बोर्डावर सोय नाही, हेही सांगितलं तिला. तेव्हा तिनं झाकण काढलं, ग्राफिक्स कार्ड बाजूला केलं आणि चिमट्यानं दाखवलं. जागा होती. पहिल्या दिवसापासून रिकामी. तिच्या शेजारी, खोक्याच्या आतल्या पत्र्याला, कागदी चिकटपट्टीखाली एक इवलासा स्क्रू जपून लावलेला होता आणि पट्टीवर निळ्या शाईत लिहिलं होतं, "एसएसडीचा स्क्रू. हरवू नये." अक्षर तुझं, लंबू. तुझ्या दुकानात प्रत्येक सुट्या स्क्रूला अशी पट्टी असायची. गिऱ्हाइकाचा साधा वॉशरसुद्धा तू नाव लिहून ठेवायचास. ती बाई म्हणाली, "ज्यानं जुळवलंय तो माणूस नीटनेटका होता हो, पुढचा विचार करून ठेवलाय." मी हो म्हटलं. ती चिकटपट्टी सोडवून खिशात ठेवली. विसरला असेल, म्हटलं. सहा वर्षं झाली, माणूस विसरतो.

तुला मुद्दाम सांगितलं नाही. म्हटलं, गंमत करू. घरी मोजलं, अठरा सेकंद. चार मिनिटं दहा सेकंदांचे अठरा सेकंद! रविवारी नेहमीसारखा फोन लावायचा, कविता सुरू करायची आणि मधेच तुझ्या ट्रकच्या मागून कर्णा वाजवायचा, असा बेत होता. दोन दिवस मी मनातल्या मनात हसत होतो. सूनबाईनं विचारलं, बाबा, लग्न ठरलंय का कुणाचं?

रविवारी चारला तू म्हणालास, "दगडाची म्हण ना." अलीकडे तू दर वेळी तीच मागतोस. मी डोळे मिटून सुरू केली. तुला माहीत आहे, ती मी डोळे मिटूनच म्हणतो, बाईंचा फळा दिसतो. दुसऱ्या कडव्याला कुठूनतरी कुणी माझ्यामागून तेच शब्द म्हणू लागलं. अर्ध्या सेकंदानं मागे, घोगऱ्या, म्हाताऱ्या आवाजात. डोळे उघडले तर मी आवारात पोचलो होतो, धुलाईच्या शेडच्या आडोशाला. समोर तुझा लाल ट्रक आणि त्याच्या भोवती आणखी पाच. तो घोगरा आवाज तुझ्या ट्रकच्या रेडिओवरून येत होता, जो आसपासच्या सगळ्या ट्रकना ऐकू जातो. तो माझा आवाज होता. माझा फोन तू माईकला लावून ठेवला होतास.

मी थांबलो नाही. पाठ असलेल्या गोष्टीचं हेच वाईट, माणूस आतून थांबला तरी ती चालत राहते. कुणी म्हणालं, "चार मिनिटं आज जोरात आहेत!" म्हणजे ते माझं नाव, कळलं. कुणी विचारलं, "आज किती अडतोय, बोला." एक म्हणाला बारा सेकंद, एक म्हणाला वीस. आणि तू म्हणालास, "शू, शेवटचं कडवं आलं. आता बघा." मी शेवटच्या कडव्याशी थांबलो, नेहमी थांबतो तसा. ते सगळे मोठ्यानं आकडे म्हणू लागले. उजव्या कानात ते आकडे आणि डाव्या कानात, फोनवर, तुझा तो मऊ आवाज, "आठवतंय का रे? घाई नको, आठव." सतरा झाल्यावर तू ओळ सांगितलीस. टाळ्या झाल्या. मग पाचही ट्रक फाटकातून बाहेर पडले आणि मी चार मिनिटं पुरी होईपर्यंत शेडमागे बसून राहिलो. मग म्हणालो, आलो रे. तू म्हणालास, "ये ये, कधीचा एकटाच उभा आहे तुझ्यासाठी."

त्यानंतरचे दोन रविवारही मी अठरा सेकंदांत आलो, तुला कळलं नाही. एक चूक माणसाकडून होऊ शकते, म्हणून खात्री करत होतो. मागच्या रविवारी त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली, "बास करू या आता काका, मला बरं नाही वाटत." परकी मुलगी, लंबू, जिनं मला कधी पाहिलं नाही. आणि तू म्हणालास, "अगं, त्याला काय कळतंय!"

शाळेतही तुला हशा लागायचा, मला ते माहीत आहे. वहिनी गेल्यापासून तुझं घर किती मुकं झालंय तेही माहीत आहे. मागितलं असतंस तर मी स्वतः येऊन त्या पाच जणांपुढे माकडचेष्टा केल्या असत्या. पण तू मला मंद ठेवलंस. स्वतःच्या हातानं जपून ठेवलेला स्क्रू तुला माहीत होता आणि तीन वर्षं तू मला सोय नाही म्हणत राहिलास, का, तर तुमची चार मिनिटं जाऊ नयेत. वर्षभर तू ओळ उशिरा सांगायला लागला होतास, तेव्हा मी काय समजत होतो सांगू? मला वाटलं, माझ्या लंबूचंही वय झालं. मी तुझ्यासाठी हळहळत होतो रे.

बक्षीस समारंभ आठवतो? मी अकरा वर्षांचा, व्यासपीठावर, शेवटच्या कडव्याशी शब्द गेले. समोर सगळी शाळा. एक पोरगा हसायला लागला. आणि तू तिसऱ्या रांगेत उभा राहिलास, अर्ध्या चड्डीतला बांबू नुसता, आणि मोठ्यानं ओळ म्हणालास, जणू ती दोघांनी म्हणायचीच कविता होती. मग आपण दोघांनी ती पुरी केली. बाई म्हणाल्या, छान बसवलीत. त्यानंतर मी ती ओळ कधीही विसरलो नाही, लंबू. एकदाही नाही. साठ वर्षं मी त्या जागेशी थांबतो, कारण ती जागा तुझी आहे. तू उभा राहावंस म्हणून थांबतो. तुम्ही सेकंद मोजत होतात ते अडणं नव्हतं.

आता पत्र का, ते. फोनवर हे बोलवेना. फोन उचलला की वाटतं, पलीकडे आणखी कोण बसलंय? साठ वर्षांत तुझ्याशी बोलताना पहिल्यांदा असं वाटलं. पाकीट मात्र माणूस एकट्यानं उघडतो. तुझी निळ्या शाईची पट्टी खाली चिकटवली आहे. स्क्रू मी ठेवला, तो आता कामाला लागला आहे. या रविवारी चारला मी अठरा सेकंदांत येईन, आणि शेडमागे लपणार नाही. आधी आवारात किती ट्रक उभे आहेत ते मोजेन. सहा असले तर तुमच्या रेडिओवर ती कविता मी एकटा म्हणेन, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, कुठेही न थांबता, आणि फाटकातून निघून जाईन. तुझा एकटाच उभा असेल, तर तीच म्हणेन, पण शेवटच्या कडव्याच्या आधी थांबेन.

अक्षर पुसले, तरी न हललो. कुणी एकदा थांबावे,
तळहाताने धूळ झाडुनी, किती राहिले, सांगावे.

शब्द लिहून दिलेत, म्हणजे आठवत नाही म्हणायला जागा नको.

रविवार चारपर्यंत तरी तुझाच,
गुणगुण्या