हलकी झाली की

सोमवार, ३

मानवजातीवर आजवर झालेल्या अन्यायांचा ग्रंथ कुणी काढायला घेतला, तर त्याची मुद्रितं मी फुकट तपासून देईन. अट एकच: आज दुपारी दोन वाजता माझ्यावर झालेला अन्याय पहिल्या प्रकरणात हवा. दोन बॅगा, एक उशी आणि बावन्न वर्षांचे गुडघे घेऊन मी तीन जिने चढले, कुलूप उघडलं, चहाचं आधण ठेवायला नळ फिरवला, आणि नळाने नुसता घसा खाकरला. पाणी पाचला येतं. हे सांगायचं मालकीणबाई विसरल्या. रोपांबद्दल दोन पानं लिहून ठेवलीत, माणसाबद्दल एक ओळ नाही.

एरवी घर नाव ठेवायला जागा नाही असं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, लिहायला खिडकीपाशी टेबल. मालकीणबाई लेकाकडे गेल्यात, चौदा दिवसांसाठी. मी राहायचं, त्यांची रोपं सांभाळायची, माझं मुद्रितं तपासायचं काम इथेच करायचं. सौदा मला मानवला. स्वतःच्या घरात हल्ली खुर्च्या फार झाल्यात.

रोपं मागच्या खोलीत. खिडक्या बंद, फळ्यांवर पांढऱ्या नळ्यांचे दिवे, त्याखाली पंचवीस कुंड्या, प्रत्येकीखाली ताटली, शिवाय परातीएवढी एक मोठी ताटली रिकामीच. टोमॅटो, मिरची, आणखी कायकाय, बोटभर उंचीचं. कोपऱ्यात स्वच्छ फडक्याने झाकलेली बादली, काठोकाठ. एक पेला घेतला आणि चहा केला. फार बरा झाला.

कागद मग वाचला. त्यात लिहिलंय, बादलीतलं पाणी रोपांचं, कुणी घेतलं तर परत करावं. पाचला नळ आल्यावर एक पेला परत ओतला. हिशेब चुकता.

मंगळवार, ४

कागदावर लाल पेन्सिल चालवण्याचा मोह आवरला नाही. मजकूर असा: रोपांना वरून पाणी घालू नये, कोवळे देठ कुजतात. खालून पाजावं. ताटलीत ओतावं, माती आपली आपण ओढून घेते. बोटाचं दुसरं पेर बुडेपर्यंत मातीत घालून ओल पाहावी. आणि पुढे: ‘रोप रोज उचलून पाहावं. हलकी झाली की ताटलीत ठेवावी. अर्धा तास हलवू नये. मग उरलेलं काढून टाकावं.’

आता रोप ते, मग हलकी कुठली? बरं, कुंडी म्हणायचं असेल म्हणावं, तर त्या ‘हलकी’खाली पांढऱ्या शाईने खोडलेलं ‘हलका’ दिसतंय. दोनदा प्रयत्न केला बाईंनी आणि दोन्ही वेळा लिंग चुकलं. ‘हलकं झालं की ताटलीत ठेवावं’ असं करून दिलं. समासात बरोबरची खूण केली.

पंचविसाव्या कुंडीत अजून काही उगवलेलं नाही. कागद म्हणतो, तरी पाजावं. पाजलं.

बुधवार, ५

काम जमायला लागलं. तहानलेली कुंडी हातात आली की रिकाम्या डबीसारखी लागते. पाणी प्यायली की जड, थंड, गुबगुबीत. यात एक समाधान आहे. लोकांना इतकं सोपं ओळखता आलं असतं तर किती भांडणं वाचली असती.

धाकटीचा फोन. माझी धाकटी बहीण जगातल्या सगळ्या गोष्टींवर उपाय सांगते, पण माझ्या बाबतीत तिच्याकडे एकच आहे. हे गेले त्याला आठ महिने झाले आणि मी अजून रडले नाही, हे तिला सलतं. आजही तेच. एकदा रड ना गं ताई, म्हणाली, मोकळी होशील. मी म्हटलं, नळ पाचला येतो, तेव्हा बघते. ती हसली नाही. रविवारी सोळा तारखेला ती स्वतः मला न्यायला येणार आहे, आणि मग महिनाभर मी तिच्याकडे राहायचं. कबूल केलं. खरं तर मला त्याची वाट बघावीशी वाटली. आठ महिन्यांत पहिल्यांदा कशाची तरी.

शुक्रवार, ७

बादली रोज संध्याकाळी काठोकाठ भरते, फडकं टाकते. सकाळी बरोबर एक पेला कमी. मोजून पाहिलं. वाफ होऊन इतकं जात नाही.

शिवाय ताटल्यांतलं पाणी. चोवीस बोटभर रोपं दिवसाकाठी एवढं पितात? कुठेतरी पाणी मुरतंय, हे वाक्य मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या कारभाराबद्दल म्हणत आले. आज ते शब्दशः म्हणायची वेळ आली.

उजव्या हाताची तर्जनी, ओल बघायची, टोकाशी बधिर झालीय. थंड मातीने असेल. पेन्सिल धरताना जाणवतं: कागद लागत नाही.

शनिवार, ८

पाणी खाली झिरपत असेल तर भांडण वर येण्याआधी आपणच खाली जावं, म्हणून गेले. खाली घड्याळं दुरुस्त करणारे एक काका राहतात, एकटेच, डोळ्याला भिंग. छताला ओल आलीय का विचारलं. त्यांनी भिंग न काढताच वर पाहिलं. माझ्या छताला घाम सुद्धा येत नाही बाई, म्हणाले, तुमच्या डोळ्यांना येतो का बघा, फार कोरडे दिसतात. घड्याळवाला माणूस, बारीक बघायची सवय. मी म्हटलं, आमच्या घराण्यात डोळ्यांत तेल घालत नाहीत. ते खूप हसले. पाणी पाजलं त्यांनी. मी तांब्याभर प्यायले. वर येईपर्यंत परत घसा कोरडा.

सोमवार, १०

न्हाणीघरात वजनाचा काटा आहे. आले त्या दिवशी सहज उभी राहिले होते, एकसष्ट. आज चोपन्न. जेवण नीट आहे. पाणी तर घागरीने पितेय.

कुंड्या मात्र सगळ्या जड. आज ताटल्या कोरड्या ठेवल्या, तरी जड. उचलल्या की मनगट दुखतं.

तर्जनी पूर्ण गेली, आता मधलंही. डाव्या हाताने लिहिण्यापुरतं अजून ठीक आहे. डॉक्टरकडे जायला हवं असं मनात येतं, आणि मग ते मनात येऊन बसतं, चहा पिऊन जातं. घाबरले असं म्हणता येत नाही. घाबरायला काहीतरी आत हलावं लागतं.

मंगळवार, ११

पंचविसाव्या कुंडीत माती फुगलीय. मधोमध, नखाएवढी.

मालकीणबाईंना फोन केला. त्यांचा आवाज फार गोड, आजारी माणसाशी बोलावं तसा. बादली रोज एक पेला कमी भरते हे सांगितलं. त्यांनी विचारलं, त्यातलं कुणी घेतलं होतं का. मी म्हटलं, हो, पहिल्या दिवशी, चहाला. त्याच संध्याकाळी परत ओतलंय. नळाचं का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नळाचंच.

‘नळाचं नाही चालत हो त्यांना,’ म्हणाल्या. ‘आपलं द्यावं लागतं.’

मी म्हटलं, कुंड्या सगळ्या जड आहेत, एकही हलकी नाही. त्यावर त्यांनी इतक्या मायेने विचारलं की मला उत्तर द्यायची लाज वाटली.

‘मग हलकी कोण झालीय?’

बुधवार, १२

फोन ठेवल्यापासून कागदाकडे बघतेय. हलकी झाली की ठेवावी. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या. इथे चूक नव्हती.

काटा: एकावन्न.

बॅग भरायला घेतली. चार साड्या उचलून जिन्यापर्यंत गेले. तिसऱ्या पायरीवर पाय कोणाचे ते कळेना. परत आले. चालायचं कळतं, जमीन कळत नाही. जिन्यावरून पडून मरणं ही फारच सामान्य गोष्ट झाली असती.

धाकटीला फोन करून लवकर ये म्हणावं असं वाटलं. केलाही. तिने फोनवर एवढंच विचारलं, आवाज असा का गं खरखरीत. तिच्या लेकीची परीक्षा शनिवारी संपते. मी म्हटलं, रविवारीच ये. तोंडचं पाणी पळणं म्हणतात ते मी छापील मजकुरात हजारदा वाचलं असेल. त्याची चव खडूसारखी असते हे कुणी लिहीत नाही.

शुक्रवार, १४

घड्याळवाले काका वर आले, कालपासून नळाचा आवाज नाही म्हणून. मला बघून भिंग काढलं त्यांनी. विनोद नाही केला.

माझ्याआधी इथे एक शिंपी होते म्हणाले. रोपं सांभाळायला. धिप्पाड माणूस. शेवटी शेवटी जिन्यावर पावलं वाजायची नाहीत त्यांची. गेले कधी, ते कुणी पाहिलं नाही. चपला मात्र दाराशी राहिल्या होत्या —

हलका. पांढऱ्या शाईखालचा ‘हलका’. तो शिंपी होता.

काका माझ्याबरोबर चला म्हणाले, खाली, आत्ता. हात धरला माझा. धरून उचलला तो सहज वर आला, पिशवी उचलावी तसा, आणि त्यांनी तो पटकन सोडला. त्यांच्या तोंडावरचा भाव मी ओळखते. मीच रोज करते तो. तहान लागलीय, हे कळल्याचा.

मी नाही गेले. का ते लिहिता येत नाही. हे गेले त्या दिवसापासून आत सगळं बंद आहे — आणि इथे निदान कुणाला तरी माझ्यातलं काही हवंय.

चोविसावं रोप काडीला बांधलंय. शिवणाच्या दोऱ्याने. फार सुबक गाठ.

शनिवार, १५

पंचविसाव्यात दोन पानं. ओली. मी हात लावला — लागलं नाही.

नळ आला, गेला. प्यायले. उपयोग नाही, सरळ जातं. कुठे —

काटा त्रेचाळीस. की सदतीस. आकडे पुसट.

धाकटी उद्या. ती मला अशी बघेल. ती रडेल, तिला येतं —

फक्त एक पेला देणं आहे. तेवढं फेडून तिच्याबरोबर जायचं. ठरलं. पण आपलं म्हणजे काय द्यायचं? थुंकी नाही. घाम नाही. बोट कापलं, सुरीने, तर्जनीच — दुखलं नाही, आलंही काही नाही.

ओलं काय उरलंय माझ्यात —

रविवार, १६

सकाळ. धाकटीचा फोन. निघाली. साडेदहाला पोचते.

पंखा बंद केला. हलते मी त्याने.

कळलं काय उरलंय. आठ महिने साठवलेलं. पेला घेऊन पंचविसाव्यासमोर बसले आणि यांची आठवण काढली. मुद्दाम. चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधायचे. अगं, बघितलास का. मी दहा मिनिटं सांगायची नाही. दवाखान्यात शेवटच्या दिवशी पण विचारलं, बघितलास का. तेव्हा तो माझ्या पर्समध्ये होता. म्हटलं, शोधा. शोधा की —

आलं. दोन्ही डोळ्यांतून. दुःख नाही त्यात. वाटलं होतं त्याच्याबरोबर येईल. नुसतं पाणी. गालावर कळलं सुद्धा नाही, पेल्यात आवाज झाला म्हणून कळलं. काठोकाठ झाल्यावर थांबलं. आपोआप.

यांच्या वाट्याचं होतं. तेवढंच होतं.

ताटलीत ओतलं. मातीने ओढून घेतलं. बादलीत पाहिलं — भरलीय. काठाला. एक पेला फिटला.

लाल पेन्सिल घेतली, माझी दुरुस्ती खोडली. हलकी. ठेवावी. मूळ बरोबर होतं. समासात तसं लिहिलं.

आता जायचं. चपला — पाय कोरडे, करकरतात. तडे. तेवढेच ओले करावेत म्हणून मोठ्या ताटलीत उभी राहिले, बादलीतलंच ओतलं, पायापुरतं —

चढतंय. खालून. थंड. घोट्याला कळलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा काही कळलं —

बेल.

ताई. ताई दार उघड गं.

येते म्हणायचं होतं. पण अर्धा तास हलवू नये असं आहे. अर्धाच तास. मग उरलेलं काढून —