सहा रेषा आणि मधली सातवी

१२ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून नियमित लिहायचं. तक्रार करायची नाही, फक्त निरीक्षणं नोंदवायची.
निरीक्षण : लॅबमध्ये इल्सूर वापरलेली ट्यूब फुंकर मारून परत ठेवतो. माझ्यासारखाच पीएचडीचा विद्यार्थी, पण वडील प्राध्यापक. त्याला चूक परवडते. आमच्या घरात विद्यापीठाची पायरी चढलेली मी पहिलीच. मी ट्यूब तीनदा धुते आणि घरून आणलेल्या डब्यात उपड्या ठेवते, धूळ आत जाऊ नये म्हणून.
योजना : मार्चपर्यंत मी प्रबंधासाठी बनवलेली पूड बोलती करायची, म्हणजे यंत्रावर तिची रेष काढायची. एप्रिलच्या परिषदेत भाषण.

१५ फेब्रुवारी
आईचा फोन, गोठ्यातून. तू कझानमध्ये नक्की काय करतेस ते शेजारणीला सांगता येईना, म्हणाली.
शांतपणे समजावलं. इलेक्ट्रॉन म्हणजे इवलंसं चुंबक. दोघांची जोडी झाली की एकमेकांचा जोर मारतात आणि गप्प. एकटा असेल तर मोठ्या चुंबकात एक तर त्याच्या बाजूने उभा राहतो, नाही तर विरुद्ध. आम्ही एकाच स्वराच्या मायक्रोवेव्ह लहरी सोडतो आणि चुंबकाचा जोर हळूहळू वाढवतो. जोर नेमका जुळला की तो लहर गिळतो, उलटा होतो, आणि पडद्यावर रेष उमटते.
आई म्हणाली, म्हणजे जोडी जमली की गप्प? अगं, तुझ्या बाबांचं अस्संच झालं.
मग म्हणाली, आणि एकटी राहते ती बोलतच सुटते, हो ना?
फोन ठेवला. रागावले नाही.

२१ फेब्रुवारी
अखेर यंत्राची पाळी मिळाली. पुडीवर प्रकाश पाडला की एक रेष यायला हवी होती. आल्या सहा! आणि बरोब्बर मधोमध एक बारीक, टोकदार सातवी. माझी!
इल्सूरने खांद्यावरून डोकावून पाहिलं. सहा रेषा म्हणजे मँगनीज, म्हणाला. त्याचं केंद्रकच छोटं चुंबक, सहा तऱ्हांनी बसतं, म्हणून एका रेषेच्या सहा होतात. पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल, बाईसाहेब.
त्याला विचारलं, माझ्या पुडीत मँगनीज घातलंय कुणी? मी तर नाही घातलेलं. म्हणजे नाहीच.
तो म्हणाला, तुझ्या पुडीने तुला विचारून घ्यायचं होतं का?
मत्सर. नोंद केली.

२७ फेब्रुवारी
सातवी आणखी उठून दिसावी म्हणून लहरींची ताकद वाढवली. खुजी झाली. आणखी वाढवली. आणखी खुजी.
इल्सूर म्हणे, अगं, उलटे झालेल्यांना माघारी यायला वेळ तर दे. सारखं खेकसलं की कोण उत्तर देईल?
हे मला माहीत होतं. खात्री करत होते.

१ मार्च
गोषवारा पाठवला. शीर्षकात ‘नवे केंद्र’ हे शब्द आहेत, म्हणजे एकट्या इलेक्ट्रॉनची आजवर न सापडलेली जागा. आमचे मार्गदर्शक नाईल झाकिरोविच एवढंच म्हणाले, रिकामी ट्यूब मोजली असेलच तुम्ही. मी मान डोलावली. मोजणारच होते, तेव्हा ते खोटं नाही.
आईला कळवलं. तिने माझ्या जुन्या शाळेला कळवलं. शाळेने फळ्यावर माझं नाव लिहिलं.

७ मार्च
उद्या महिला दिनाची सुट्टी. इल्सूरने ट्युलिप दिलं. मध्यम आकाराचं. देठापेक्षा लांब शुभेच्छा दिल्या, त्यात ‘मँगनीजबाई’ होतं. फूल ठेवून घेतलं, शब्द परत केला.

११ मार्च
निंदकांचं तोंड बंद करायला रिकामी ट्यूब मोजली.
सहा रेषा. मध्ये सातवी.
दुसरी ट्यूब. तिसरी. सगळ्या तशाच.

१२ मार्च
इल्सूरने माझा डबा हुंगला आणि खुर्चीवरच बसला. हा चहाचा आहे का गं?
होता. आईकडचा. मी तो नीट झटकून घेतला होता. धुतला नव्हता, कारण चहाचा डबा धुवायचा नसतो; वास उडतो. आमच्याकडे कुणीच धुत नाही.
चहाच्या पानात मँगनीज ठासून भरलेलं असतं म्हणे. मधली बारीक रेषही चहाचीच. चुरा उपड्या ट्यूबच्या तोंडाला चिकटायचा. इल्सूरच्या फुंकरीच्या ट्यूब स्वच्छ निघाल्या. जगात न्याय नाही.

१४ मार्च
नव्या ट्यूब. पूड. पडदा सपाट, एकही रेष नाही. लहर कमी केली, वाढवली, द्रव नायट्रोजनने गारठवलं. सपाटच. माझ्या पुडीतल्या एकूण एक इलेक्ट्रॉनांची लग्नं झालेली आहेत.

१५ मार्च
नाईल झाकिरोविचना आज सांगणार होते. त्यांना सर्दी आहे. आजारी माणसाला धक्का देणं बरं नाही.

१८ मार्च
सर्दी बरी झाली. पण खुशीत दिसले. विरजण कशाला?

२० मार्च
परिषदेचा कार्यक्रम छापून आला. माझं नाव, ‘नवे केंद्र’, जेवणानंतर पहिलीच. एक अक्षरही चुकलेलं नाही. सांगितलं नाही तर कुणाला कळणार? मला. तेवढं पुरे आहे दुर्दैवाने.

२१ मार्च
सांगितलं. उभ्या उभ्या, एका दमात, डब्यासकट.
नाईल झाकिरोविचनी चष्मा पुसला. मग म्हणाले, रिकामी ट्यूब आधी मोजतात, शेवटी नाही. गोषवारा मागे घ्या. तुमची वेळ इल्सूरला देतो.
दाराशी पोचले तेव्हा म्हणाले, तुम्ही मात्र या. परिषदेला माणसं कमी पडताहेत.
म्हणजे आयोजनात घेतलंय. भाषणापेक्षा व्यापक जबाबदारी.

३ एप्रिल, बुधवार
परिषद झाली. इल्सूर बरा बोलला.
माझ्याकडे मधल्या सुट्टीतलं चहाचं टेबल होतं. दूध वेगळं, चकचक या मधातल्या मिठाईच्या ताटल्या वेगळ्या. एक थेंब सांडला नाही.
संध्याकाळी आईचा फोन आला. गोठ्यात बाबाही उभे होते, शेजारीणही. खोटं बोलायचं नाही हे आधीच ठरवलं होतं.
आईने विचारलं, लोक होते का गं?
म्हटलं, अख्खा हॉल माझ्यासमोर रांगेत उभा होता.
या अल्ला! आणि काय म्हणाले?
म्हणाले, अजून थोडा.