सांदवाडीतला कारभार

अमरावती
मे महिना, उन्हाचं विचारू नका

प्रिय नीलमचे बाबा,

पत्र पाहून दचकू नका. घरी सगळे जिवंत आहेत, माणसंही आणि जनावरंही. जनावरांच्या बाबतीत त्याचं श्रेय मी घेत नाही. पत्र अशासाठी, की फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. मी "अहो, ऐका ना" म्हणेपर्यंत तुम्ही "बकऱ्या कशा आहेत?" विचारता, आणि मी बकऱ्यांचं सांगायला लागले की मागे तुमच्या बंदरावरचा भोंगा वाजतो नि तुम्ही फोन ठेवता. मेसेज पाठवला तर खाली नुसता अंगठा येतो. वाचून देता की न वाचताच, देव जाणे. म्हणून आज शिलाईची मशीन झाकून ठेवली, नीलमकडून कोरे कागद मागून घेतले आणि पंख्याखाली बसले. पत्र मध्येच कापता येत नाही.

सुरुवातीपासून सांगते, कारण सुरुवात तेवढी तुम्ही केलीत, पुढचं काहीच पाहिलं नाहीत. दिवाळीला तुम्ही गुजरातहून आलात ते बकऱ्यांचे व्हिडिओ पाहून पाहून डोकं भरूनच. मी आपली खूश, की वर्षाने माणूस घरी आला, दोन दिवस आपल्याजवळ बसेल. कुठचं काय! तुम्ही अकोल्याला शेळीपालनाच्या शिबिराला गेलात. तिथे मिळालेली पुस्तिका मी आता वाचली आहे. पहिल्याच पानावर लिहिलंय, की नवख्याने आधी चार कोंबड्या पाळाव्यात, हात बसू द्यावा, मग पुढचं पाहावं. तुम्ही ती बहुतेक शेवटून वाचायला घेतलीत, कारण नफ्याचं पान शेवटी आहे. परत आलात ते टेम्पो घेऊन. त्यात दोन बकऱ्या, टोपलीभर कोंबड्या आणि बदकं. बदकं कशाला, हे मी तेव्हाही विचारलं होतं. "असू दे, शोभा येते," म्हणालात. घरामागच्या सांदवाडीत माझा मोगरा होता, कढीपत्ता होता, उन्हाळ्यात तिथे मी वाळवणं घालायची. तिथे तुम्ही टिनाचं छप्पर उभं केलंत, त्याच्यासमोर फोटो काढलात आणि गाडीत बसलात.

आता आपल्या घरातली जाणकार मंडळी पाहा. तुमच्या वडिलांची, मामाजींची, सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली. बकरीशी त्यांचा संबंध आला तो कुणी परतवाड्याच्या गाडीत चढवली की तिला खाली उतरवण्यापुरता. माझं माहेर अकोल्याच्या जठारपेठेत दुसऱ्या मजल्यावर, आम्ही कधी पोपटही पाळला नाही. नीलम कॉमर्सला. आणि मालक तिकडे समुद्राकाठी क्रेनवर बसलेले. असा आपला कारभार.

बदकांना पाणी लागतं हे मला माहीत होतं, पण किती लागतं हे माहीत नव्हतं. नळ आपल्याकडे एक दिवसाआड येतो, तोही अर्धवट झोपेत. मी त्यांच्यासाठी नीलमचा लहानपणीचा टब काढून दिला. भरला की अर्ध्या तासात त्याचा चिखल. बदकं त्या चिखलात खेळून तशीच स्वयंपाकघरात येतात, ओळीने, जणू त्यांना जेवायला बोलावलं आहे. अंडी देतील म्हणून मी गप्प बसले. अंडी दिली, नाही असं नाही. पण ती नालीत, पायरीखाली, एकदा तुमच्या झाकून ठेवलेल्या मोटारसायकलच्या मागे. ते आम्हाला वासावरून कळलं.

कोंबड्यांची गंमत वेगळीच. तुम्हाला कोंबड्या म्हणून दिलेल्यांपैकी अर्धे कोंबडे निघाले. पहाट व्हायच्या आधीपासून त्यांचं भांडण सुरू, कोण मोठ्याने ओरडतो याचं. मागच्या घरातल्या पार्वताबाई परवा कुंपणावरून म्हणाल्या, "दामिनी, मले सांग, एवढे कोंबडे कावून ठेवले तू? लगन आहे का कुनाचं?" कापायला मामाजी हात लावू देत नाहीत. विकायला काढले तर प्रत्येकाचं नाव सांगत बसतात. त्यांनी नावंही कुठली ठेवलीत, तर एसटीच्या डेपोंची. मूर्तिजापूर, दर्यापूर, अचलपूर. बडनेरा मात्र मुंगसाने नेला. त्या दिवशी मामाजी जेवले नाहीत.

आणि या उन्हाळ्याचं काय सांगू! टिनाखाली भट्टी झाली होती. कोंबड्या चोची उघड्या टाकून धापा टाकायच्या. मी गोणपाटं ओली करून चारी बाजूंनी टांगली, ती बकऱ्यांनी खाल्ली. एका दुपारी मी बाजारातून आले तर बैठकीतला कूलर जागेवर नाही. पाहते तर सांदवाडीत कोंबड्यांच्या जाळीला लावलेला, आणि मामाजी त्यात बादलीने पाणी ओतून राहिले. म्हटलं, "मामाजी, हे काय?" तर म्हणाले, "सूनबाई, त्यायच्या अंगावर पिसं आहेत, कहाडता थोडी येते त्यायले? आपुन माणसं आहो, आपलं पंख्यात भागते." तेव्हापासून तुमचे सत्तरीचे वडील पंख्याखाली घामाने भिजताहेत आणि दर्यापूर कूलरसमोर डोळे मिटून बसतो.

बकऱ्यांकडे येते. काळी जरा समंजस आहे. पण ती तांबडी! तिला दोरी बांधली तर ती दोरी खाते. नीलमची ओढणी खाल्ली, माझ्याकडे शिवायला आलेल्या एका बाईच्या ब्लाऊजची एक बाही खाल्ली. ती बाई मला काय काय बोलली ते लिहीत नाही. मग एक दिवस शेजारच्या नबीभाईंनी नवी गाडी आणली. हार घातलेली, नारळ फोडलेला, आणि तासाभरात हमिदाभाभींची हाक, "ओ दामिनी! तुमची बकरी आमच्या गाडीवर चढून राहिली ना!" धावत गेले तर तांबडी बॉनेटवर उभी राहून हार खातेय. नबीभाई चिडले नाहीत, तेच मला जास्त लागलं. फडक्याने खुरांचे ओरखडे पुसत राहिले आणि म्हणाले, "जाने दो भाभी, जानवर है." भाभी मात्र म्हणाल्या, "जानवर त्ये आहे, पण तुमी तं माणसं आहा ना! पाळता येत नाही तं आणलं काहून?" मला हसूही आलं आणि रडूही आलं. कारण त्यांचं म्हणणं शब्द न् शब्द खरं होतं.

तुम्हाला जे मी सांगितलंच नाही ते आता सांगते. मार्चमध्ये आपल्या गल्लीत एक लग्न झालं. उरलेल्या पुऱ्या नि भात त्यांनी बकऱ्यांसाठी म्हणून आणून दिला. मी आणि नीलमने मोठ्या प्रेमाने घमेलं भरून ठेवलं. अन्न वाया जायला नको. संध्याकाळी काळीचं पोट डावीकडून ढोलकीसारखं फुगलं. ती उभी राहीना, दात खात होती, आणि माझ्याकडे अशी पाहत होती की मला तिच्या डोळ्यांत बघवेना. एका रिक्षावाल्याने बकरी पाहून रिक्षा पुढे काढली. दुसऱ्याने थांबवली, पण म्हणाला, "काकू, सीटवर नको." मग मी खाली बसले, तिचं डोकं मांडीवर घेतलं, आणि नीलम मागे तिचे पाय धरून. कठोरा नाक्यापासून जनावरांच्या दवाखान्यापर्यंत सगळं अमरावती आम्हाला बघत होतं. डॉक्टरांनी तिला तेल पाजलं, पोट चोळलं, सुई दिली आणि मला झापलं. "ताई, हे जनावर पाला खाते. पंगत नाही जेवत!" आम्ही तिला तिथल्या आवारात धरून फिरवत राहिलो. बऱ्याच वेळाने तिने मोठी ढेकर दिली, आणि नीलम माझ्या गळ्यात पडून रडली. मी त्या दवाखान्याच्या पायरीवर बसून देवाला हात जोडले, एका ढेकरीसाठी.

आणि नेमका तेव्हा तुमचा फोन आला. मागे काळी ओरडत होती. तुम्ही विचारलंत, "आवाज कशाचा?" मी म्हटलं, "टीव्हीचा." का म्हटलं तसं? कारण तुम्ही लगेच पुढे म्हणालात, "बकऱ्या चांगल्या आहेत ना? वीस होऊ दे गं. वीस झाल्या की राजीनामा टाकतो आणि येतो." इतक्या हौसेने म्हणालात की मला सांगवलंच नाही. त्यानंतर दर फोनला तेच. वीस होऊ दे. काळी गाभण राहिली का? तांबडी राहिली का? मी कशी आहे हे विचारायला तुम्ही हल्ली विसरता. तुमचं विचारलं की एकच उत्तर, "मला काय धाड भरली!" आवाज तेवढा बारीक. मी समजायची, दमला असेल माणूस.

गुरुवारी संघपालचा फोन आला, तुमच्या खोलीतल्या संघपालचा. नंबर ओळखीचा नव्हता म्हणून मी आधी उचललाच नाही. आवाजावरून वाटलं, मुलगा रडकुंडीला आला आहे. म्हणाला, "वहिनी, भाऊंनी सांगू नको म्हटलं होतं, पण माझ्यानं राहवत नाही." मागच्या आठवड्यात क्रेनवरून उतरताना शिडीवर तुम्हाला भोवळ आली, खालच्या दोघांनी धरलं म्हणून वाचलात. छातीत दुखत होतं. दोन दिवस दवाखान्यात होतात, तिथल्या डॉक्टरांनी परत शिडी चढायची नाही म्हणून बजावलं, आणि तुम्ही तिसऱ्या दिवशी पुन्हा वर जाऊन बसलात. संघपाल म्हणाला, तुम्ही त्याला सांगितलंत, "एवढं वर्ष काढू दे. घरी बकऱ्या वाढून राहिल्या, मग मी मोकळा." हे ऐकून मी फोन हातात धरून सांदवाडीत गेले. तांबडी माझी वाळत घातलेली साडी चावत होती. मी तिच्यापासून साडी ओढलीसुद्धा नाही.

राग आला तुमचा. अजून आहे. त्या दोन दिवसांतही फोन केलात तो दवाखान्यात पडून, आणि मला विचारलंत काय, तर बकरीचा चारा! आणि स्वतःचाही आला, की मी इकडे सगळं छान चाललंय म्हणत राहिले आणि तुम्ही तिकडे त्या छानच्या भरवशावर शिडी चढत राहिलात. म्हणून आज हे सगळं सांगितलं, बदकांपासून ढेकरीपर्यंत, काही न झाकता. नीट वाचा आणि मनात पक्कं करा, की वीस बकऱ्या होणार नाहीत. ना काळी गाभण आहे ना तांबडी. आहे ते सांभाळता सांभाळता आम्हा तिघांची पुरेवाट झाली आहे. या घराला बकऱ्या पोसणार नाहीत, आणि त्या पोसतील तेव्हा येईन म्हणून बसलात तर तुम्ही कधीच येणार नाही. माझी शिलाई चालते, मामाजींची पेन्शन येते, नीलमची शेवटची परीक्षा झाली आहे. तुम्हाला इथे जमिनीवरचं काहीतरी काम मिळेल. नाही मिळालं तर काही दिवस बसून राहा, कुणी काही म्हणणार नाही. मी तर मुळीच नाही. मला एक माणूस हवा आहे आणि तो चालता-बोलता हवा आहे.

हे पत्र मी पोस्टात टाकलेलं नाही. ते तुमच्या हातात देणारा किशोरदादा समोरच उभा असेल. काल मी अकोल्याला माहेरी जाऊन त्याला सगळं सांगितलं, तो तसाच तिकिटं काढायला स्टेशनवर गेला, आणि आज हे पत्र न्यायला इथे येतो आहे. जायचं त्याचं एकट्याचं तिकीट आहे, यायची दोन आहेत. तो वाद घालणार नाही, समजावणार नाही, तुमचं आवरेपर्यंत खाटेवर बसून राहील. त्याला मी तसं बजावलं आहे. साहेबांशी काय बोलायचं ते इथून फोनवर बोला. दवाखान्यातले कागद आणि गोळ्या बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवा, संघपालला माझा आशीर्वाद सांगा, त्याच्यावर चिडू नका. दादाला पाणी द्या, तो उन्हातून आला आहे. आणि मग निघा. बडनेरा स्टेशनवर मी असेन.

तुमचीच,
दामिनी